टीव्हीवर बोलायला जाताय? मग आधी ठराव वाचा

आंतरराष्ट्रीय घडामोडींवर बोलायला चॅनेलवाल्यांचा फोन आला की आधी विचारा: थेट प्रक्षेपण की ध्वनिमुद्रण, आणि वाट्याला किती मिनिटं? दीड मिनिट मिळणार असेल तर मुद्दा एकच न्या. शीतयुद्धापासून सुरुवात केलीत तर मुद्द्यावर येईपर्यंत ब्रेक लागतो.

नवखे जास्त घसरतात ते संयुक्त राष्ट्रांवर. नुसतं ‘यूएनमध्ये ठराव झाला’ म्हणू नका. कुठे झाला ते सांगा. सुरक्षा परिषदेत १५ सदस्य. ठरावाला ९ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणाचा नकाराधिकार नको. तटस्थ राहणं म्हणजे नकाराधिकार नव्हे. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरच्या मसुद्याला ११ मतं पडली, भारत, चीन, यूएई तटस्थ राहिले, तरी एकट्या रशियाच्या विरोधामुळे तो पडला. २ मार्चला आमसभेत, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेत, १४१ विरुद्ध ५ मतांनी ठराव झाला, पण आमसभेचे असे ठराव बंधनकारक नसतात. हे वाक्य राहिलं की प्रेक्षक विचारतोच, ‘मग युद्ध थांबलं का नाही?’

हेगमधली दोन न्यायालयंही वेगळी ठेवा. आंतरराष्ट्रीय न्यायालय देशांमधले वाद ऐकतं, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय व्यक्तींवर खटले चालवतं. कुलभूषण जाधव प्रकरण पहिल्यापुढे होतं. १७ जुलै २०१९ च्या निकालात पाकिस्तानला जाधवांच्या फाशीच्या शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं, सुटकेची मागणी मात्र फेटाळली. ‘भारत जिंकला’ एवढंच सांगितलंत तर ते अर्धंच.

‘युद्ध होणार का?’ या प्रश्नाला हो-नाही देऊ नका. कोणत्या हालचालींवर नजर ठेवायची, ते सांगा. अँकर चिडेल, चिडू दे.