दहा वेळा सहा नाही, आता तरी पडेल ना?

प्रश्न: बोरिवली लोकलमध्ये आम्ही मोबाईलवर लुडो खेळतो. काल दहा वेळा फासा टाकला, सहा नाहीच. अकराव्यांदा चान्स वाढतो ना?

उत्तर: नाही हो, फासा सरळ असेल तर त्याला मागचं काही आठवत नसतं, दर वेळी १/६ च, यालाच स्वतंत्र घटना म्हणतात. पण खेळायच्या आधी विचारलंत की चार वेळात एकदा तरी सहा पडेल का, तर हिशोब वेगळा आणि मला तो फार आवडतो, सहा न पडण्याची शक्यता ५/६, ती चारदा गुणली की ६२५/१२९६, ती १ मधून वजा केली की साधारण ५२ टक्के. बरेच जण १/६ चारदा मिळवून ६७ सांगतात, ते चूक, अशी सरळ बेरीज एकत्र घडूच न शकणाऱ्या घटनांचीच चालते. आणि दहाही वेळा सहा न पडणं? साधारण १६ टक्के!