जुना छोटा हत्ती (टाटा एस, ७०२ सीसी डिझेल) चढाला दम टाकतो, धूर मारतो. पुण्यात भरवशाचा मेकॅनिक कसा ओळखावा?

मार्केट यार्डात भाड्यासाठी उभ्या छोटा हत्तीवाल्यांना विचारा. गाडी बंद म्हणजे धंदा बंद, त्यामुळे ते नेमका माणूस सांगतात. धूर न बघताच ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणणाऱ्याकडून सरळ परत फिरा. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर, मग इंजेक्टर तपासायला सांगा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर आणि कूलंट कमी होत असेल, तर थंड इंजिनावरच रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा. सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेल्याचा संशय. मेकॅनिक पिस्टनच्या रिंगा बदलायच्या म्हणाला तर आधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) गेजने मोजून आकडे दाखवायला सांगा. गेज नाही म्हणाला? दुसरं गॅरेज बघा. काढलेले जुने पार्ट आणि नव्याचं बिल मात्र घ्याच.