कौल फुटलंय तर कौलच बदला, सिमेंट भरू नका

शेजारच्या बांधकामावरून विटा पडून तुमच्या शिवाजी पेठेतल्या घराची चार-पाच मंगळुरी कौलं फुटली, आणि गवंडी म्हणतोय सिमेंट भरू, नाहीतर सरळ पत्रा घालू. माझं ऐका, दोन्ही नको.

भाजलेल्या मातीवर सिमेंट नीट धरत नाही. ऊन-पावसात दोन्हीचं फुगणं-आकसणं वेगवेगळं, त्यामुळे चीर पुन्हा उघडते, तिच्यात पाणी मुरतं आणि खालची रीप, म्हणजे कौल ज्यावर टेकतं ती आडवी लाकडी पट्टी, कुजते. शिवाय शेजारची कौलं एकमेकांना चिकटतात. पुढं एक काढायला गेलं की दुसरं फुटतं. चार कौलांसाठी अख्खं छप्पर उतरवून पत्रा घालायचं तर कारणच नाही. पावसाळ्यात पत्र्याखाली बोलणं ऐकू येत नाही, आणि एप्रिल-मेचा उकाडा वेगळाच.

आधी भर दुपारी आतून बघा. दिवे बंद करा, जिथून उजेडाची तिरीप येते तिथं वाशावर, म्हणजे रिपा पेलणाऱ्या उतरत्या लाकडावर, खडूनं खूण करा. पाणी जिथं टपकतं तिथंच कौल फुटलेलं असेल असं नाही. ते वाशावरून घरंगळत खाली येऊन टपकतं, म्हणून शोध वर आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या दिशेनं घ्या. रिपा टोचून बघा. टोकदार खिळा सहज आत गेला तर वाळवी किंवा कूज आहे. आधी सुताराला बोलवा. वाकलेल्या रिपेवर नवं कौलही नीट बसत नाही.

बदलणं सोपं आहे. वरच्या ओळीतली कौलं थोडी उचलून खाली लाकडाच्या पाचरी सारायच्या. फुटकं कौल उचललं की त्याच्या खालच्या अंगाची बोंडं, म्हणजे रिपेत अडकणारे उंचवटे, रिपेवरून सुटतात; मग ते खाली ओढून घ्यायचं. नवं वर सरकवून बोंडं रिपेत अडकवायची, बाजूच्या खाचा जुळवायच्या आणि पाचरी काढायच्या. खाली माळा किंवा तक्तपोशी (लाकडी फळ्यांचं छत) नसेल तर हे आतून, लाकडी घोडीवर उभं राहूनही होतं. छपरावर चढायचंच तर शिडी पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतारावर, खालून वर अशी टाकून आढ्याला बांधा. पाय कौलाच्या खालच्या कडेवर ठेवा, तिथं खाली रीप असते. मधोमध पाय पडला की कौल गेलंच. ओल्या किंवा शेवाळलेल्या छपरावर अजिबात चढू नका.

कौलं आणताना फुटक्याचा तुकडा सोबत न्या. कारखान्यागणिक साचा थोडा वेगळा, खाच जुळली नाही तर पाणी आत येणारच. पाडलेल्या वाड्यांची जुनी कौलं चांगली असतात, फक्त बोटानं वाजवून घ्या: खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर चीर गेलेली. दहा-बारा जास्तीची घेऊन भिंतीला उभी लावून ठेवा. स्वयंपाकघर अंधारं असेल तर तिथं एखादं काचेचं कौल बसवून घ्या, हीच वेळ आहे.

काम मृगाच्या आत उरका. मे महिन्यात वळवाची सर आली की आपोआप तपासणी होते. काम होण्याआधीच पावसानं गाठलं तर तात्पुरता जाड प्लास्टिकचा कागद फुटक्या कौलाखाली घाला. त्याची वरची कड वरच्या ओळीच्या कौलांखाली गेली पाहिजे आणि खालची कड खालच्या कौलावर आली पाहिजे, म्हणजे पाणी घरात न येता वळचणीकडे जाईल.