अपयशाच्या भीतीमुळे सराव परीक्षाच देववत नाही, काय करावे?

आपण धुळ्याहून लिहिले आहे की राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेसाठी एकाच विषयाची टिपणे तीनदा नव्याने काढून झाली, परंतु ‘अजून पक्के झालेले नाही’ असे वाटत राहिल्याने एकही सराव उत्तर आजवर कोणाला दाखवलेले नाही. माझीही काही वर्षे अशीच गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मी देत होतो त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांपैकी प्रत्येकाला तीन तास आणि 20 प्रश्न असतात, म्हणजे एका उत्तराच्या वाट्याला सरासरी नऊ मिनिटे येतात. माझे पहिले उत्तर मनासारखे उतरेपर्यंत सतरा मिनिटे गेली, दुसऱ्यालाही जवळपास तितकीच लागली, आणि वेळ संपली तेव्हा सहा प्रश्न कोरे होते. त्यांतील चार मला चांगले येत होते, ही गोष्ट मला निकालापेक्षाही अधिक लागली.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी 1991 मध्ये परिपूर्णतेच्या हव्यासाचे तीन प्रकार मांडले: निर्दोषपणाची अपेक्षा स्वतःकडून करणे, ती इतरांकडून करणे, आणि लोक ती आपल्याकडून करतात असे मानून वागणे. ‘गावाला काय तोंड दाखवू’ हे आपले वाक्य तिसऱ्या प्रकारातले आहे. आपल्या खानदेशात हाच प्रकार अधिक जाचतो असे मला वाटते, कारण कापसाच्या पैशांतून मुलाच्या खोलीचे भाडे आधी बाजूला काढले जाते आणि हे त्या मुलाला पुरते ठाऊक असते. म्हणून ‘घाबरू नका’ असे मी म्हणणार नाही. सांगून भीती जात नाही.

माझे वडील यावल तालुक्यात केळी लावत. घड निसवला की केळफूल मोडून टाकायचे आणि वरच्या आठ-नऊ फण्या ठेवून खालच्या कापून काढायच्या, म्हणजे राहिलेली केळी नीट भरतात. लहानपणी मला ती नासाडी वाटे. पुढे टिपणांचा ढीग आवरताना त्या कोयत्याचा मला खरा उपयोग झाला: एका विषयाला एकच वही, एका उत्तराला नऊच मिनिटे, आणि गजर वाजला की वाक्य अर्धे असले तरी पुढचा प्रश्न.

याहून अवघड काम होते ते उत्तर दुसऱ्याला दाखवण्याचे. जळगावच्या अभ्यासिकेतील एका मित्राला मी रोज दोन उत्तरे त्याच दिवशी वाचायला देऊ लागलो. पहिले काही दिवस वही पुढे करताना हात आखडत असे. त्याने मात्र माझ्या अज्ञानावर बोट ठेवले नाही. प्रस्तावनेतच माझा निम्मा वेळ जातो, एवढेच दाखवले, आणि ते मला एकट्याने कधीही दिसले नसते. माझी निवड पुढेही झाली नाही, पण त्यानंतरच्या पेपरांत एकही पान कोरे राहिले नाही.

झोप आणि जेवण कित्येक दिवस बिघडलेले असेल, तर डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर बोला.

अन्यथा येत्या रविवारी तीन तास लावून एक पूर्ण पेपर लिहा. विसावे उत्तर चार ओळींचे झाले तरी चालेल, पण तो गठ्ठा त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी हाती द्या, आणि देण्यापूर्वी पुन्हा वाचू नका.