आजोबांच्या सुरकुत्या उठून दिसायला क्लॅरिटी कशाला

आजोबांच्या फोटोत सुरकुत्या उठून दिसाव्यात म्हणून लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) क्लॅरिटीचा स्लायडर ८० ला नेला, तर चेहऱ्यावर काजळी धरल्यासारखं दिसतंय म्हणालास, ते होणारच रे. क्लॅरिटी मिडटोनचा (ना फार उजळ ना फार गडद अशा भागांचा) कॉन्ट्रास्ट वाढवते, म्हणजे सुरकुतीच्या जोडीला गालाचा खळगा, डोळ्यांखालची सावली सगळंच काळं पडतं. ती आधी शून्यावर आण आणि टेक्श्चरचा स्लायडर वापर, तो बारीक पोतावर काम करतो, लाइटरूममध्ये २०१९ पासून आहे. गंमत म्हणजे तो मुळात स्किन मऊ करायला बनवत होते, उलट्या बाजूला ओढला की डिटेल वाढतो. २०-२५ पुरे, आणि अख्ख्या फोटोला नको, मास्क करून फक्त कपाळ, डोळ्यांच्या कडा आणि हात.

पण खरं काम डॉज अँड बर्नचं, म्हणजे ब्रशने हव्या त्या जागा उजळ किंवा गडद करायचं. फोटोशॉपमध्ये नवीन लेयर घे, ५० टक्के ग्रे भर, मोड सॉफ्ट लाइट, मऊ ब्रश, फ्लो (ब्रशमधून उतरणारा रंग) २-३ टक्के. आता फोटो मोठा करून एकच सुरकुती नीट बघ, ती नुसती काळी रेघ नसते, रेघेला लागून उजेड पडलेला एक काठ असतो. बहुतेक जण रेघच गिरवत बसतात आणि मग चेहरा पेनाने काढल्यासारखा होतो. मी आधी पांढऱ्या ब्रशने तो काठ उजळतो, रेघेला काळा ब्रश जेमतेम लावतो, कधी लावतही नाही. एका चेहऱ्याला अर्धा-पाऊण तास जातो, चहा घेऊनच बस.

हाय पास (कडा धारदार करायला वापरतात तो फिल्टर) करणार असशील तर रेडियस १-२ पिक्सेलच्या वर नको. मी एकदा वारीतल्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याच्या फोटोला ८ ठेवला होता, दाढीच्या पांढऱ्या खुंटांभोवती चकाकणारी कड आली आणि कपाळावरचा बुक्का नॉइजसारखा (फोटोतले नको असलेले दाणे) दिसायला लागला. त्यांच्या मुलीला प्रिंट दिली तर ती म्हणाली, अण्णा आजारी होते का हो तेव्हा? परत करून दिली अर्थात.

ब्लॅक अँड व्हाइट करणार असशील तर काम निम्मं होतं. फोटोचे लाल, हिरवा, निळा असे चॅनेल्स एकेक उघडून बघ, लाल चॅनेलमध्ये चेहरा गुळगुळीत, निळ्यात प्रत्येक डाग न् डाग दिसतो (नॉइजही तिथेच जास्त, सांभाळून). म्हणून ब्लॅक अँड व्हाइट ॲडजस्टमेंटमध्ये लाल-पिवळा थोडा खाली घे, कातडी गडद होते आणि डिटेल आपोआप वर येतो.

आणि तू टाकलेला फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला वाटतोय, गालावर चौकोनी ठिपके दिसतायत, तिथला बारीक पोत कॉम्प्रेशनमध्येच गेलाय, तो कुठलाच स्लायडर परत आणणार नाही. ज्याने काढलाय त्याच्याकडून मूळ फाइल मागव, रॉ (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर फारच छान. १२ बाय १८ इंची प्रिंट करायचीय म्हणतोस, तर मूळ फाइल आल्याशिवाय प्रिंटचे पैसे भरू नकोस.