सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी वाटतं आज रात्री मरणार

"डोळा लागतोय तोच वाटतं आता गेलो, मला वेड लागतंय का मॅडम?" हा प्रश्न मला समुपदेशनात सारखा येतो, म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

चाकणला शिफ्टमधे काम करणारा पस्तिशीतला माणूस. त्याच्या लाइनवरचा मित्र हार्ट अटॅकने गेला, जवळपास त्याच्याच वयाचा, हा दहाव्यालाही गेला नाही. पुढे एकदा कंपनीच्या बसमधे धडधड, घाम, बोटांना मुंग्या, थेट कॅज्युअल्टीत. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल, "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवला. (टेन्शन काय कोणी हौसेने घेतं का!)

मरणाची भीती वाटते का हे मी विचारलंच नाही, ती कोणाला वाटत नाही. ती मोजायला टेम्पलर या मानसशास्त्रज्ञाची 1970 ची 15 प्रश्नांची चाचणी आहे, पण नुसत्या स्कोअरवर निदान होत नसतं. मी विचारलं, भीती नक्की कशाची, मरताना गुदमरण्याची, मेल्यानंतर काय होईल त्याची, की मागे राहणाऱ्यांची? बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "पोरगी चार वर्षांची आहे आणि होमलोन आहे."

मग विचारलं, भीतीपायी काय काय बंद झालंय आणि खात्रीसाठी दिवसभर काय काय करता? जिना बंद, नाइट शिफ्ट बंद. बाकीचं बायकोने सांगितलं, कोविडमधे घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावूनच झोपतात, 97 आलं तर ठीक, 96 आलं की बोट पुसून परत, आणि मला उठवून "मला काही होणार नाही ना गं?" ती बिचारी "नाही हो" म्हणायची, थोडा वेळ बरं वाटायचं, की परत तेच. खरी गोम इथेच आहे, मेंदूला वाटतं तपासलं म्हणूनच वाचलो, मग उद्या जास्त तपासायचं.

हे पॅनिक (अचानक येणारे भीतीचे झटके), आजाराची चिंता, ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी तेच तेच करत राहणं) की डिप्रेशन हेही बघावं लागतं, आणि मरणाला घाबरणाऱ्यालाही आत्महत्येचे विचार येतात का ते विचारावंच लागतं. त्याचं पॅनिक निघालं. भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या त्याच्याच, हे नुसतं सांगून पटेना म्हणून डॉक्टरांना विचारून त्याला आमच्या बिल्डिंगचा जिना चढायला लावला. धडधड झाली, आपोआप ओसरलीपण. ऑक्सिमीटर सासूबाईंच्या ताब्यात गेला. बायकोने उत्तर ठरवलं, "मॅडमनी सांगितलंय, यावर बोलायचं नाही." पहिल्या आठवड्यात जाम भांडणं झाली, मग कमी झाली. टर्म इन्शुरन्स काढला, मित्राच्या घरी जाऊन वहिनींना भेटून आला, तिथे खूप रडला म्हणे. नाइट शिफ्ट अजून घेत नाही, त्यावर काम चालू आहे.

तर, वेड नाही लागत. पण छातीत पहिल्यांदाच दुखत असेल किंवा चालताना दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग आम्ही. आणि जवळपास कोणी समुपदेशक नसेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीतपण बोलतात.