वाचकांचे प्रश्न : मूल मागे पडले, तर शाळेकडे काय मागायचे?

प्रश्न : मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत आहे. जोडाक्षरे वाचता येत नाहीत, हातच्याची वजाबाकी चुकते. गुरुजी म्हणतात, शिकवणी लावा. गावात शिकवणी नाही. शाळेनेच जादा शिकवावे असा काही कायदा आहे का? (एक पालक, देवगड तालुका)

आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४मध्ये शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत तपासणे, गरजेप्रमाणे जादा शिकवणे आणि पालकांना नियमित भेटून प्रगती सांगणे ही त्यातलीच. तेव्हा ‘शिकवणी लावा’ म्हणून शाळेला हात झटकता येत नाहीत. गुरुजींनी स्वतःच खासगी शिकवणी घेण्याला तर कलम २८ची बंदी आहे.

अडचण अशी की जादा म्हणजे किती तास, कोणत्या वेळी, हे या कलमात नाही. म्हणून ‘मुलगा कच्चा आहे, लक्ष द्यावे’ असा अर्ज केला की ‘लक्ष देत आहोत’ असे उत्तर येते आणि विषय मिटतो. आधी घरी तपासा. दुसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्या. अडला तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरे. गणितात ५२ वजा २७ घाला. गाडी नेमकी कुठे अडते ते अर्जात लिहा आणि तीन गोष्टी लेखी मागा : शाळेच्या नोंदीप्रमाणे मूल कोणत्या स्तरावर आहे, जादा तास कोण, कधी आणि किती वेळ घेणार, पुन्हा तपासणी कोणत्या तारखेला. रोज ४० मिनिटे, सहा आठवडे आणि मग तपासणी, एवढे मागणे आमच्या मते रास्त आहे.

दोन शिक्षक आणि पाच वर्ग असतील तर ‘वेळ कुठून आणू?’ हा गुरुजींचा प्रश्नही खोटा नसतो. त्यावर उपाय म्हणजे तिसरी ते पाचवीतली एकाच स्तरावरची मुले एकत्र बसवणे. हा तास शाळेच्या वेळेतच हवा. पावसात व्हाळ (ओढा) भरला की लांबच्या वाडीतली मुले सुटल्यावर थांबू शकत नाहीत, आणि ज्यांची एसटी ठरलेली ती तर नाहीच. दुसरी नेहमीची चूक म्हणजे जादा तासाला पाचवीचाच धडा पुन्हा घेणे. त्याने धडा पाठ होतो, वाचन येत नाही. सुरुवात मूल जिथे अडले तिथूनच करायला हवी.

अर्ज मुख्याध्यापकांना द्या, प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना. आपल्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेच चालत नाही. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि शाळा विकास आराखडा तीच करते, त्यामुळे जादा तास त्या आराखड्यात घालून घ्या. तरी हालचाल नसेल तर केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी), मग गटशिक्षणाधिकारी. त्यानंतर कलम ३२खाली स्थानिक प्राधिकरणाकडे (जिल्हा परिषद, नगरपालिका अशा संस्थेकडे) लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा, आणि पुढचे अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. पण तक्रारीची घाई नको. छोट्या शाळेत उद्याही तेच गुरुजी शिकवणार आहेत.

सहा आठवडे नेटाने शिकवूनही काहीच फरक नसेल तर डोळे आणि कान तपासून घ्या. मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचणे, लिहिणे किंवा गणित शिकण्यातल्या मुळातल्या अडचणीची तपासणी मागा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे.

प्रश्न : पाचवीत नापास झाला तर त्याच वर्गात बसवतात का? (मालवण)

लगेच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते. नापास मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा द्यायची संधी असते. तिथेही नापास झाला तरच त्याच वर्गात ठेवता येते. महाराष्ट्रात हे २०२३-२४पासून लागू आहे. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून मात्र काढता येत नाही.

कोकणात मेख सुट्टीची आहे. निकाल मेच्या सुरुवातीला लागतो, मग आंबे, लग्ने, मुंबईचे पाहुणे. शाळा उघडते जूनच्या मध्याला. दोन महिन्यांतले जेमतेम दोन-तीन आठवडेच शिकवायला उरतात. म्हणून निकालाच्या दिवशीच जादा मार्गदर्शनाचे वेळापत्रक मागून घ्या. खरे तर पहिल्या सत्राचे मूल्यमापन हाती आले की, दिवाळीनंतर लगेच जादा तास सुरू व्हायला हवेत.

प्रश्न : बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबाची दहा वर्षांची मुलगी कधीच शाळेत गेलेली नाही. तिला पहिलीत घालायचे का? (रत्नागिरी)

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४प्रमाणे वयानुरूप वर्गात. बरोबरीला येण्यासाठी तिला विशेष प्रशिक्षण मिळायला हवे. केंद्राच्या २०१०च्या नियमांत त्याची मुदत किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे आहे. जन्मदाखला नाही किंवा प्रवेशाची तारीख उलटली, म्हणून शाळा तिला नाकारू शकत नाही. हंगाम संपून कुटुंब निघाले की शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्या. तो मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो. उशीर झालाच तरी पुढच्या सरकारी वा अनुदानित शाळेला तेवढ्यावरून प्रवेश अडवता येत नाही.